रुग्णालय सुटल्यानंतरचे दिवस : पिंपरी-चिंचवडच्या आयुक्तांस अनावृत पत्र

मा. आयुक्त,
पिंपरी-चिंचवड महानगरपालिका, यांस


आपल्या शहरहद्दीतील रहाटणी येथे राहणाऱ्या आणि आयुष्याची बहुतेक वर्षे याच औद्योगिक पट्ट्यातील एका कारखान्याच्या हजेरीपटावर घालवून आता निवृत्त झालेल्या एका रहिवाशाचे हे पत्र आहे. गेल्या काही महिन्यांत जिना चढताना छातीवर दडपण येऊ लागले, तपासण्या झाल्या, टू डी एको झाला, आणि अखेर हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा कोठे व केवढा आहे हे पाहण्यासाठी डॉक्टरांनी अँजिओग्राफी केली. अडथळे निघाले, परंतु तूर्त औषधांवर भागेल असे ठरले, आणि दुसऱ्या दिवशी मनगटावर पट्टी बांधलेल्या स्थितीत मी घरी परत आलो. कॅथलॅबमधील डॉक्टरांच्या आणि तंत्रज्ञांच्या कौशल्याबद्दल मी मनःपूर्वक कृतज्ञ आहे. मला लिहावयाचे आहे ते त्यानंतर घरी काढलेल्या दिवसांविषयी. त्या दिवसांत रुग्णावर लक्ष कोणी ठेवावयाचे, याची जबाबदारी आज कोणत्याही खात्याच्या दप्तरी नोंदलेली नाही. ती महापालिकेच्या वैद्यकीय विभागाने आपल्याकडे घ्यावी, अशी माझी विनंती आहे. ती खाजगी अर्जाने न करता जाहीरपणे करतो, कारण माझ्यासारखी माणसे या शहरात गल्लोगल्ली आहेत आणि त्यांतील बहुतेकांना अर्ज करण्याची सवड नाही.

हृदयापर्यंत नळी नेण्याचे हे शास्त्र फार जुने नाही. १९२९ साली जर्मनीतील एबर्सवाल्ड येथील रुग्णालयात वेर्नर फोर्समान या पंचविशीच्या तरुण डॉक्टराने, वरिष्ठांची परवानगी नसताना, स्वतःच्याच डाव्या हाताच्या शिरेतून एक लांब बारीक नळी आत सरकविली आणि त्याच अवस्थेत जिना उतरून क्ष-किरणांच्या खोलीत जाऊन ती हृदयापर्यंत पोहोचल्याचे छायाचित्र काढून घेतले. गेर्डा डिट्झेन नावाची जी परिचारिका आपल्या स्वतःच्या शरीरावर हा प्रयोग करून घेण्यास तयार झाली होती, तिनेच त्याच्यासमोर आरसा धरला, म्हणजे त्याला पडद्यावरील नळी दिसावी. या शास्त्राच्या पहिल्याच पानावर एक परिचारिका उभी आहे, ही गोष्ट मला विसरता येत नाही. फोर्समानला १९५६ साली कूर्नां आणि रिचर्ड्स यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९५८ साली अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे मेसन सोन्स यांच्या हातून, नळीचे टोक अकल्पितपणे सरकल्यामुळे, क्ष-किरणांत रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून सोडावयाचे रंगद्रव्य थेट हृदयाला रक्त पुरविणाऱ्या उजव्या रोहिणीत गेले. रुग्णाचे हृदय काही क्षण थांबले, त्याला खोकावयास सांगताच ते पुन्हा चालू झाले, आणि ज्या गोष्टीने माणूस दगावेल असे तोवर सर्वांस वाटत होते ती करता येते हे सिद्ध झाले. सोन्स यांची वाट कोपराजवळून जात असे. १९६७ साली जडकिन्स यांनी जांघेतील रोहिणीतून जाण्याची पद्धत रूढ केली. आणि १९८९ साली माँट्रियलच्या ल्युसियाँ कांपो यांनी मनगटातील रोहिणीतून हृदयापर्यंत जाता येते हे दाखवून दिले. त्याच १९८९ साली आपल्या महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय संत तुकारामनगरात सुरू झाले, हा योगायोग या शहराच्या रहिवाशाला नमूद करावासा वाटणे स्वाभाविक आहे.

जांघेच्या वाटेने तपासणी झाली म्हणजे पाय सरळ ठेवून कित्येक तास उताणे पडून राहावे लागे, आणि म्हणून निदान ती रात्र रुग्ण परिचारिकांच्या नजरेखाली जाई. मनगटाच्या वाटेने हा निर्बंध उठला. आता रुग्ण थोड्याच वेळात उठून बसतो, चहा घेतो, आणि पुष्कळदा त्याच सायंकाळी किंवा दुसऱ्या सकाळी घरी जातो. शास्त्राने दिलेली ही देणगी मोठी आहे. तिने रक्तस्रावाचे भय कमी केले, खर्च कमी केला आणि खाटा मोकळ्या केल्या. परंतु जखमेवर लक्ष ठेवणे, बोटांचा रंग आणि ऊब पाहणे, पाणी किती पोटात गेले आणि लघवी किती झाली याकडे ध्यान देणे, ताप पाहणे, गोळ्यांच्या वेळा सांभाळणे, ही जी कामे पूर्वी वॉर्डात शिकलेल्या परिचारिका करीत असत, ती सर्व या बदलाबरोबर मुकाट्याने घराच्या हवाली झाली. रुग्णालयातील खाट रिकामी झाली म्हणून शुश्रूषा संपत नाही. ती दुसऱ्या कोणावर तरी पडते, आणि बहुतेक वेळा ती घरातील बाईवर पडते, जिला ती कशी करावी हे कोणी बसवून शिकविलेले नसते.

महाराष्ट्रीय घराला आजारपण नवे नाही. बाळंतिणीची खोली कशी असावी, शेक-शेगडी किती दिवस चालवावी, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू केव्हा द्यावेत, सव्वा महिना तिला कोणते काम करू देऊ नये, हे आमच्या आज्यांना कोणी लिहून द्यावे लागत नसे. कावीळ झाली की तेल-तूप बंद, मुदतीच्या तापात पेज, कांजिण्यांत कडुनिंबाचा पाला. यांपैकी काही आजच्या शास्त्राला मान्य आहे आणि काही नाही, परंतु प्रत्येक दुखण्यासाठी घराजवळ एक ठरलेला शिरस्ता होता व त्या शिरस्त्याने घाबरलेल्या माणसांना हाताशी काम दिले होते. अँजिओग्राफीसाठी असा शिरस्ता अद्याप घडलेला नाही. त्यामुळे घर आपल्या जुन्या भांडारातून जे हाती लागेल ते काढते. माझ्या मनगटाभोवती पसरलेली काळी-निळी छटा पाहून शेजारच्या एका वडीलधाऱ्या बाईंनी तेथे हळद-तेल लावून हलक्या हाताने चोळावे असे अत्यंत मायेने सुचविले. एका जुन्या सहकाऱ्याने गरम पाण्याच्या पिशवीचा शेक सांगितला. ती छटा बहुधा काही दिवसांत आपोआप ओसरते. परंतु ताज्या छिद्राच्या जागी चोळणे आणि शेकणे या दोन्ही गोष्टी टाळावयाच्या असतात, कारण तेथे नुकतेच थांबलेले रक्त पुन्हा वाहू लागण्याचा संभव असतो. भेटीला येणारा प्रत्येकजण शहाळे घेऊन येतो. ज्याची मूत्रपिंडे धडधाकट आहेत त्याला त्यापासून अपाय नाही, परंतु ज्याची मूत्रपिंडे आधीच दुबळी आहेत त्याच्या रक्तात शहाळ्यातील पोटॅशियम साठून राहू शकते. ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्लाही तसाच आहे. रंगद्रव्य मूत्रावाटे निघून जावे म्हणून तो बहुतेकांस योग्य होय. मात्र ज्यांचे हृदय अशक्त होऊन पायांवर सूज चढते त्यांनी पाणी डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानेच प्यावयाचे असते. हा भेद आमच्या पंचक्रोशीत कोणाला ठाऊक असावा?

भेटीस येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ‘ब्लॉकेज किती टक्के निघाले?’ हा असतो, आणि तो प्रेमाने विचारलेला असला तरी उत्तर देणाऱ्याच्या मनावर प्रत्येक वेळी त्या आकड्याचा भार नव्याने पडतो. त्याहून गंभीर गोष्ट अशी की अँजिओग्राफी ही केवळ तपासणी आहे, तिने अडथळा दूर होत नाही, तो दूर करणे हे अँजिओप्लास्टीचे काम आहे, हे पुष्कळांना माहीतच नसते. ‘अँजिओ झाली, आता बरे वाटेल’ अशा समजुतीने गोळ्या बंद करणारे, तंबाखूची पुडी पुन्हा उघडणारे लोक मी याच वस्तीत पाहिले आहेत. ज्यांना स्टेंट बसविला आहे त्यांनी तर रक्त न गोठण्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवू नयेत, कारण स्टेंट एकाएकी बंद पडण्याचे भय त्या आरंभीच्या दिवसांत सर्वांत अधिक असते.

आता हे घर रहाटणीत कसे असते तेही पाहावे. कोकणे चौकाच्या आसपास उद्वाहने असलेली उंच गृहसंकुले आहेत. परंतु आतल्या गल्ल्यांत एक-दोन गुंठ्यांवर उभ्या राहिलेल्या अरुंद जिन्यांच्या तीन-चार मजली इमारतीही आहेत, आणि त्यांतील खोल्यांतून मराठवाडा, विदर्भ, खानदेश येथून पोटासाठी आलेली कुटुंबे भाड्याने राहतात. अविवाहित कामगार कॉट बेसिसवर एका खोलीत चौघे-पाचजण राहतात आणि पाळ्या निरनिराळ्या असल्यामुळे एकमेकांचे तोंड आठवड्यातून एखादेवेळी पाहतात. २०१९ सालच्या नोव्हेंबरपासून शहरात दिवसाआड पाणी येते. पवनेचे पाणी रावेतच्या बंधाऱ्यावर उचलून निगडीला शुद्ध होऊन आमच्यापर्यंत येते, त्यामागचे श्रम मी जाणतो, आणि या पत्रात पाण्याविषयी काही मागावयाचे नाही. परंतु पाण्याच्या दिवशी कित्येक घरांत पिंपे भरावी लागतात, आणि भरलेली बादली पंधरा किलोंच्या आसपास असते. मनगटातून अँजिओग्राफी झालेल्या माणसाने काही दिवस त्या हाताने पाच किलोंहून अधिक वजन उचलू नये असे सर्वसाधारणपणे सांगतात. स्वयंपाकाचा भरलेला सिलिंडर तर तीस किलोंच्या घरात जातो. ज्याची तपासणी जांघेतून झाली त्याने काही दिवस उकिडवे बसू नये, वाकून वजन उचलू नये, जिना वारंवार चढू नये. परंतु ज्या घरातील शौचकूप देशी पद्धतीचा आहे आणि खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, तेथे या सूचनांचे पालन नेमके कसे करावयाचे, हे त्या सूचना छापणाऱ्यांनी पाहिलेले नसते. घरी परतताना रुग्णाने स्वतः वाहन चालवू नये हेही सांगावे लागते, कारण या शहरात दुचाकी हेच प्रत्येकाचे पाय आहेत, आणि क्लच दाबावयाचा आणि ॲक्सिलरेटर पिळावयाचा तो मनगटानेच.

मला जो कागद मिळाला तो इंग्रजीत होता. ज्या रुग्णालयाने तो दिला त्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही, कारण हा रिवाज जवळपास सर्वत्रच आहे. कारखान्यातील यंत्रांच्या पुस्तिका वाचून वाचून मला तेवढे इंग्रजी येते. माझ्या पत्नीला येत नाही, आणि कागद तर तिच्यासाठी होता. पहिल्या रात्री पट्टीखाली रक्ताचा एक लहानसा डाग दिसला तेव्हा मी झोपलेला होतो आणि ती जागी होती. मला उठवावे, की पट्टी सोडावी, की रुग्णालयात फोन करावा, हे तिला कळेना. तो डाग वाढला नाही आणि सकाळी सर्व ठीक होते. परंतु त्या रात्री तिला एकाच वाक्याची गरज होती: रक्त वाहू लागल्यास दुसऱ्या हाताच्या बोटांनी त्या जागी घट्ट दाब द्यावा, दाब सोडू नये, आणि ते न थांबल्यास १०८ क्रमांकावर फोन करावा. हे वाक्य कागदावर होते, तिच्या भाषेत नव्हते. २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रभर धावते आहे. ती केव्हा बोलवावी हे जिला सांगितलेच नाही तिच्यासाठी ती रस्त्यावर असूनही दूरच राहते.

या तपासणीनंतरची सर्व विघ्ने रुग्णालयात असतानाच उद्भवत नाहीत, आणि माझ्या विनंतीचा खरा आधार हाच आहे. रंगद्रव्याचा मूत्रपिंडांवर जो दुष्परिणाम व्हावयाचा तो ४८ ते ७२ तासांत रक्तातील क्रिएटिनीन वाढून प्रकट होतो, म्हणजे तोवर रुग्ण घरी पोहोचलेला असतो. मधुमेही आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना हा धोका अधिक, आणि अशांपैकी काहींची मेटफॉर्मिनची गोळी ४८ तास थांबविलेली असते व ती पुन्हा कधी सुरू करावी हे त्या रक्ततपासणीवर ठरावयाचे असते. रंगद्रव्याची ॲलर्जी अंगावर पुरळ होऊन एक-दोन दिवसांनीही उठू शकते. मनगटातील रोहिणी क्वचित बंद होते, आणि हाताला दुसरी रोहिणी असल्यामुळे रुग्णाला त्याचा पत्ताही लागत नाही. शिकलेल्या बोटांनी नाडी पाहिली तर ते ध्यानात येऊ शकते. जांघेतील जखमेच्या जागी ठणका मारणारी, नाडीबरोबर उडणारी गाठ काही दिवसांनी तयार होऊ शकते, आणि ती दिसताच रुग्णालय गाठावयाचे असते. यांतील कोणतीही गोष्ट वारंवार घडणारी नाही. परंतु ज्या घरात ती घडते तेथे ती ओळखणारे कोणी असावयास हवे, आणि ओळखण्यासाठी तज्ज्ञ डॉक्टराची गरज नाही. अनुभवी परिचारिकेची एक भेट, एक नाडीपरीक्षा आणि रक्ताचा एक नमुना एवढे पुरे आहे.

कामगाराची गोष्ट यातही निराळी आहे. ती आपल्या अखत्यारीत येत नाही हे मी जाणतो, तरी तिचा उल्लेख न करता पुढे जाणे मला जमत नाही. १९४८ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणाच्या रजेत वेतनाच्या सत्तर टक्के रक्कम मिळण्याची तरतूद आहे, आणि ती या पट्ट्यातील असंख्य कुटुंबांचा आधार आहे. परंतु नव्या आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांसाठी सामान्यतः काही मिळत नाही. अँजिओग्राफीनंतर ज्याला तीन-चार दिवस विश्रांती हवी त्याच्या पदरात म्हणून फारसे पडत नाही, आणि कंत्राटदाराकडे काम करणारा माणूस तिसऱ्या दिवशी चाकणच्या बसमध्ये बसतो. नाशिक फाटा, भोसरी, मोशी असा तो प्रवास, आणि पुढे पाळीभर हाताने सुटे भाग उचलणे. माझ्या इमारतीतील एक तरुण गृहस्थ असेच गेले, जांघेतील जखम सुजल्यामुळे परत आले, आणि मग सबंध महिना घरी बसले. उद्योजकांनी अशा कामगाराला आठवडाभर हलके काम द्यावे, यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

महोदय, घरी जाऊन रुग्ण पाहणे ही कल्पना महापालिकेच्या वैद्यकीय विभागाला परकी नाही. रुग्णालयात बाळंतपण झाल्यावर आशा स्वयंसेविकेने नवजात बालकाच्या घरी ३ ऱ्या, ७ व्या, १४ व्या, २१ व्या, २८ व्या आणि ४२ व्या दिवशी जावे, असा नियम देशभर ठरलेला आहे. ती जाते, बाळाचे वजन करते, आईशी बोलते, धोक्याची लक्षणे सांगते, आणि त्यामुळे बाळे वाचतात. ज्या घरी आजीच्या तोंडून पिढ्यान् पिढ्यांचे ज्ञान आलेले आहे तेथेसुद्धा या सहा भेटी आवश्यक मानल्या गेल्या, आणि त्या योग्यच होत. मग ज्या प्रसंगासाठी घराजवळ कसलेही पारंपरिक ज्ञान नाही, त्यासाठी एक भेट मागणे अवाजवी ठरू नये.

माझी तजवीज थोडकी आहे. शहरातील खाजगी रुग्णालयांची शुश्रूषागृह म्हणून नोंदणी महापालिकेकडे होते. त्या अधिकाराने आपण त्यांना असे कळवावे की हृदयाची अँजिओग्राफी किंवा अँजिओप्लास्टी झालेल्या रुग्णाला घरी सोडताना, त्याची लेखी संमती असल्यास, त्याच्या वस्तीतील महापालिकेच्या दवाखान्यास इतला द्यावी. संमतीची अट मी मुद्दाम घालतो, कारण आपले दुखणे कोणाला कळावे हे ठरविण्याचा हक्क रुग्णाचा आहे. इतला मिळताच दवाखान्यातील परिचारिकेने दुसऱ्या दिवशी फोन करावा आणि तिसऱ्या दिवशी घरी जाऊन जखम व नाडी पाहावी. मधुमेही आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांचे क्रिएटिनीन दवाखान्यातच तपासले जावे, म्हणजे त्यासाठी त्यांना पुन्हा मोठ्या रुग्णालयाची वाट धरावी लागणार नाही. घरी जाताना रुग्णाच्या हाती मोठ्या ठळक अक्षरांतील एक मराठी पत्रक असावे, ज्यात आमच्या जिन्यांचा, आमच्या बादल्यांचा, आमच्या शौचकूपांचा आणि आमच्या दुचाकींचा विचार केलेला असेल. आणि ते पत्रक नुसते रुग्णाच्या हाती न ठेवता, त्याच्याबरोबर आलेल्या माणसाला समोर बसवून वाचून दाखविले जावे, व समजल्याची त्याची सही घेतली जावी. जो कामगार कॉट बेसिसच्या खोलीत एकटा आहे, त्याच्यासाठी पहिल्या दोन रात्री थेरगावच्या किंवा पिंपरीच्या महापालिका रुग्णालयात एखादी खाट राखून ठेवता येईल काय, याचाही विचार व्हावा.

सबंध शहरात एकदम हे घडवून आणणे कठीण आहे. म्हणून रहाटणी, काळेवाडी आणि थेरगाव या लगतच्या तीन भागांत सहा महिने याचा प्रयोग व्हावा, किती घरी परिचारिका गेली आणि तिला काय आढळले याची नोंद जाहीर व्हावी, आणि मग पुढचा निर्णय व्हावा. पत्रकाचा मसुदा तयार करताना ज्यांनी हे दिवस घरी काढले आहेत त्या रुग्णांना, आणि विशेषतः त्यांची शुश्रूषा केलेल्या स्त्रियांना, आपल्या अधिकाऱ्यांनी एकदा बोलावून घ्यावे. माझी पत्नी येण्यास तयार आहे. त्या पत्रकात सर्वांत वर काय असावे, हे तिने आधीच एका कागदावर लिहून ठेवले आहे.

कळावे,
आपला नम्र,
रहाटणी येथील एक रहिवासी